हुंगून पास

माझ्या भावजींचं काम हुंगण्याचं होतं. मी काही वाढवून सांगत नाही. डेअरीच्या मागच्या बाजूला जिथे गाड्यांमधून दुधाचे कॅन उतरतात, त्या धक्क्यावर ते सकाळी सहापासून उभे असत. कॅन समोर आला की झाकण उचलायचं, नाक आत घालायचं, एक श्वास घ्यायचा आणि "जाऊ दे" किंवा "परत" म्हणायचं. फारच शंका आली तर लांब दांड्याच्या पळीने घोटभर दूध तोंडात घ्यायचं, फिरवायचं आणि बाजूच्या गटारात थुंकायचं. सकाळभरात तीनशे कॅन. माणसाला याहून किरकोळ गोष्टींचा माज चढतो. यांच्याकडे तर अख्खं नाक होतं.

धक्क्यावरची माणसं त्यांना पाठीमागे नाकोबा म्हणायची. मी त्यांना अहोजाहो करते ती सवय म्हणून. ताईचे यजमान, वयाने मोठे, आणि डेअरीच्या प्रयोगशाळेतली माझी खुर्ची त्यांच्या शब्दावर मिळालेली. हे मी विसरू नये याची काळजी ते स्वतः घ्यायचे. घरी चार पाहुणे बसले असले की हमखास म्हणायचे, "हिला मीच चिकटवली तिथे." जणू मी पोस्टाचं तिकीट होते.

माझं टेबल धक्क्याच्या शेजारच्या खोलीत, मध्ये काचेची भिंत. त्यांनी पास केलेल्या दुधाचा नमुना माझ्याकडे यायचा. आंबटपणा किती, पाणी किती घातलंय, स्निग्धांश किती, हे मी काढायचे. माझ्या नळ्या आणि त्यांचं नाक यांच्यात कधी फरक पडला तर ते काचेवर टकटक करून म्हणायचे, "तुझ्या नळ्या धू जरा." खरं सांगायचं तर त्या काळात बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. ते मला जास्त लागायचं.

घरी तेच नाक घेऊन यायचे. ताई एकोणीस वर्षं त्या नाकाखाली राहिली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आत न येता, ते सांगायचे, "तेल जास्त तापलं." "कालचं पातेलं नीट घासलेलं नाही." ताटातली भाजी एकदा नाकाजवळ न्यायची, पुन्हा ठेवायची आणि ताट दोन बोटांनी पुढे सरकवायचं. बोलायचं काही नाही. ताई उठायची, दुसरं काही करायची. कधीतरी "बरं झालंय" म्हणावं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दमा त्यांना बत्तिसाव्या वर्षी लागला. छातीच्या डॉक्टरांनी दोन पंप दिले होते, एक रोज घ्यायचा आणि एक धाप लागली तर. रोजचा पंप त्यांनी कधी घेतलाच नाही. "रोज कशाला? मला काय रोज दमा असतो?" हा त्यांचा युक्तिवाद. दुसरा पंप पायमोज्यांच्या कप्प्यात लपवलेला असायचा आणि छाती शिट्टी वाजवायला लागली की तो घेऊन ते न्हाणीघरात जायचे, कडी लावायचे, नळ सोडायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "ठसका लागला होता." अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. नाकही कायम चोंदलेलं, हातात रुमाल, झोपेत तोंड उघडं. सर्दीचं औषध घ्यायचे आणि हवामानाला शिव्या द्यायचे.

मग एका दुपारी ताई माझ्याकडे आली. हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "आज भाजी करपली."

"मग? सरकवलं असेल ताट."

"खाल्ली. अख्खी. वर म्हणाले, बरी झालीय."

मग ताई खुर्चीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. इतकी हसली की मी पाणी आणलं. हसता हसता तिने सांगितलं की महिनाभर तिला संशय होता. ते वरून मीठ घेत होते, तिखट घेत होते. लिंबू पिळल्याशिवाय घास उतरत नव्हता. म्हणून आज तिने भाजी मुद्दाम करपवली. "घरभर धूर होता गं. मला डोळे उघडवत नव्हते. आणि हे मिटक्या मारतायत."

"त्यांना विचारलंस?"

"विचारून काय मिळणार? नाक गेलं हे ते नाक मुरडूनच सांगतील."

आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता धक्क्यावर उभा होता, शहराचं दूध हुंगायला.

त्या दिवसापासून मी काचेतून नीट बघायला लागले. झाकण उचललं जायचं, नाक आत जायचं, पण डोळे वर असायचे, कॅन आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर. समोरचा चुळबुळला, नजर चुकवली, घाईने झाकण लावायला गेला, की "परत". ताठ उभा राहिला की "जाऊ दे". शिवाय रोज सात-आठ कॅन परत पाठवायचे हा त्यांचा शिरस्ता होता. तेवढे परत गेले नाहीत तर लोकांना वाटेल धार कमी झाली. तेव्हा आकडा भरण्यासाठी जो दुबळा दिसेल त्याचा कॅन परत.

यात सगळ्यात सोपी सापडली ती चष्मेवाली. ही एक साठीची बाई, जाड भिंगांचा चष्मा, घरी दोन म्हशी. सायकलच्या कॅरिअरला एकच कॅन बांधून ती चालत यायची. बाकीच्यांच्या गाड्यांमध्ये तिचा एकुलता एक कॅन नेहमी शेवटी लागायचा. दिसत कमी असल्यामुळे ती इकडेतिकडे बघायची आणि भावजी त्याला चुळबुळ समजायचे. एका आठवड्यात तिचा कॅन तीनदा परत गेला. तिसऱ्या वेळी मी धावत फाटकापर्यंत गेले, तिच्या कॅनमधून बाटलीभर दूध मागून घेतलं आणि तपासलं. सकाळभरात आलेल्या दुधात ते सगळ्यात चांगलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी भावजींना जिन्याखाली गाठलं. "तुम्हाला वास येत नाही."

ते रुमाल खिशात घालत होते. हात तिथेच थांबला. "कोण म्हणतं?"

"चष्मेवालीचं दूध मी तपासलं. उत्तम आहे."

"तुझ्या नळ्यांना नाक आहे का?"

"तुम्हाला आहे का?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला. "सर्दी आहे. उतरेल. तू तुझं काम कर. आणि ताईचा संसार कशावर चालतो ते आठव."

मी आठवलं आणि गप्प बसले. चार महिने गप्प बसले. इतरांवर तोंडसुख घेण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं. माझ्या नळ्या आंबट दूध पकडत होत्या, पाणी पकडत होत्या. धोका काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. चष्मेवालीच्या दारात रोज परत जाणारा कॅन माझ्या समजुतीत बसत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे बघणं सोडलं.

माझ्या नळ्यांना जे पकडता येत नाही तेच शेवटी आलं. रॉकेल. कुणाच्या तरी गाडीत डबा कलंडला, रॉकेल एका कॅनच्या झाकणाच्या खोबणीत गेलं, तिथून दुधात. अशा दुधाचा आंबटपणा ठीक असतो, स्निग्धांश ठीक असतो. ते फक्त नाकाला कळतं, आणि कुठल्याही नाकाला कळतं, त्यासाठी तरबेज असावं लागत नाही. भावजींनी झाकण उचललं, समोरच्या निर्धास्त चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे." तो कॅन टाकीत गेला, टाकी पिशव्यांमध्ये गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं शहर डेअरीच्या फाटकावर पिशव्या घेऊन उभं राहिलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली. मोठे साहेब म्हणजे बारा वर्षांत धक्क्यावर दोनदा आलेला माणूस, दोन्ही वेळा नाकाला रुमाल लावून. त्यांना कोण चुकलं ते हवं होतं, लगेच हवं होतं आणि शक्यतो ते बाहेरचं हवं होतं.

भावजींना एक क्षणही लागला नाही. "ती चष्मेवाली," ते म्हणाले. "तिच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह आहे. दिसत तर नाहीच तिला."

मी तिथेच बसले होते. ज्या सफाईने त्यांनी ते सांगितलं, ती पाहून मला किळस आली. नाक गेलेल्या माणसाची मला कदाचित कीव आली असती. पण आपलं नाक झाकायला म्हातारीला पुढे ढकलणाऱ्या माणसाची कीव कुठून आणायची?

तिला बोलावणं गेलं. ती तासाभराने आली, पदराने हात पुसत, आणि दारातच उभी राहिली. साहेबांनी तिला दुधात रॉकेल कसं आलं ते विचारलं.

"कधीच्या दुधात?"

"परवाच्या."

"परवा माझा कॅन यांनी परत पाठवला," तिने भावजींकडे मान वळवली. "मी तो घरी नेऊन दही लावलं. माझं दूध तुमच्या टाकीत गेलंच नाही."

मी माझा त्या दिवसाचा कागद पुढे केला. तिच्या कॅनचा नमुना माझ्याकडे आलेला नव्हता.

"आणि एक सांगू का साहेब," ती म्हणाली, "हा माणूस दूध हुंगतच नाही. माझ्या तोंडाकडे बघतो. मला कमी दिसतं, पण इतकं दिसतं."

भावजी उभे राहिले. पंचवीस वर्षांची नोकरी, कुणाचं ऐकून घेणार नाही, वगैरे. साहेब घड्याळाकडे बघत होते. तेव्हा मी उठले, प्रयोगशाळेतून चार पेले आणले आणि टेबलावर ठेवले. तीन पेल्यांत सकाळचं ताजं दूध. चौथ्यात परवाच्या टाकीतलं, जे मी पुराव्यासाठी ठेवलं होतं.

"यातलं वाईट कुठलं ते सांगा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही, पण तिच्याबद्दल मला वाईटही वाटलं नाही. त्यांनी पहिला पेला उचलला, मग दुसरा. आमचे चेहरे वाचायचा प्रयत्न करत होते. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो होतो. शेवटी त्यांनी दुसरा पेला बाजूला काढला. "हे आंबलंय." चौथ्याला हात लावून म्हणाले, "हे चांगलं."

साहेबांनी चौथा पेला नाकाजवळ नेला आणि झटक्यात खाली ठेवला.

त्यानंतर भावजींच्या छातीतून शिट्टी यायला लागली. ते खुर्चीत बसले, मग पुढे वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ निळसर झाले. त्यांचा पंप अर्थातच घरी पायमोज्यांत होता. पण ताईने तीन वर्षांपूर्वीच एक पंप माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला दिला होता. तो मी आणून त्यांच्या हातात दिला. आणि हा माणूस, श्वास मिळत नसताना, साहेबांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड वळवायला लागला. कुणी बघू नये म्हणून. चष्मेवालीने त्यांची हनुवटी धरून तोंड सरळ केलं. "ओढा," ती म्हणाली. मग त्यांनी ओढला.

इस्पितळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून नाक तपासलं. दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढलं होतं, द्राक्षांच्या घडासारखं. वास वरपर्यंत पोचायला वाटच नव्हती. "जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळतं," त्यांनी समजावलं. "बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती बहुतेक नाकाचीच असते." मग विचारलं, "दुखण्याची गोळी घेतली की दमा उसळतो का?"

"नाही," भावजी म्हणाले.

"दोनदा," ताई म्हणाली. "दाढेच्या वेळी आणि गुडघ्याच्या वेळी."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नाकाचं आणि छातीचं दुखणं एकच आहे. काही जणांना ते असं जोडीने येतं आणि त्या जातीच्या गोळ्या त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. रोजचा पंप रोज. नाक मिठाच्या पाण्याने धुवायचं, फवारा मारायचा, पुढे ऑपरेशन. तोवर सात दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. "या गोळ्यांनी वास थोडा परत येईल. पण गोळ्या थांबल्या की जाईल. त्यावर जाऊ नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी भावजी हात धुताना थांबले. साबणाचा वास आला होता. ताईने सांगितलं, ते साबण नाकाला लावून दहा मिनिटं उभे होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिलाही भरून आलं. तिने घाईघाईने त्यांच्या आवडीचं काय काय रांधायला घेतलं. दुपारी बाराला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तेल जास्त तापलं," म्हणाले.

पाचव्या दिवशी तर ते थेट धक्क्यावर. बदली माणसाला कोपराने बाजूला सारून वीस कॅन हुंगले, वीसही बरोबर. मोठ्या साहेबांना सांगून आले, "नाक ठीक झालं." ऑपरेशनचं नाव काढलं नाही. पुढे गोळ्या संपल्या, तर यांनी ओळखीच्या दुकानातून त्याच गोळ्या आणायला सुरुवात केली, गुपचूप. दोन महिने. चेहरा सुजून भोपळा झाला, साखर वाढली, चिडचिड वाढली. ताईला पाकिटं सापडली ती पायमोज्यांच्या कप्प्यात. नवीन जागा शोधण्याइतकीही कल्पकता नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर फैलावर घेतलं आणि गोळ्या हळूहळू उतरवत बंद केल्या. वास गेला. त्या संध्याकाळी ताई दोन पिशव्या घेऊन माझ्याकडे राहायला आली.

"दोन महिने नाक होतं त्यांना," ती म्हणाली. "त्यात अकरा वेळा ताट सरकवलं. एकदाही बरं म्हणाले नाहीत. बरं म्हणाले ते फक्त करपलेल्याला. मी का रडू त्या नाकासाठी?"

तीन आठवडे ती परत गेली नाही. भावजी एकटे राहिले. नासलेलं दूध प्यायले, एकदा शिळी अंडी खाऊन दोन दिवस आडवे होते. मग एका दुपारी त्यांनी शेगडी पेटवायला घेतली, काडी विझली, दुसरी काडी मिळेना, तेव्हा बटण चालूच ठेवून ते वर्तमानपत्र वाचत बसले. खालच्या मजल्यावरचा शिंपी धावत वर आला, दार बडवून आत शिरला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली. ती त्यांना नुकतीच सापडली होती.

"घरभर गॅस आहे! वास येत नाही का तुम्हाला?" शिंपी ओरडला.

"नाही," भावजी म्हणाले. "येत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं, तेही शिंप्यासमोर. ताईने ते ऐकलं तेव्हा म्हणाली, "एवढ्यासाठी इमारत उडवायला निघाले होते."

ऑपरेशन झालं. श्वास मोकळा झाला, दमा बराच आटोक्यात आला, कारण रोजचा पंप आता ताईच्या समोर घ्यावा लागतो. तिची परत यायची तीच अट होती. दुसरी अट, आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वयंपाक त्यांनी करायचा. करतात. घड्याळ लावून, शेगडीपाशी गॅस गळला की वाजणारी घंटा बसवून, प्रत्येक डब्यावर तारीख चिकटवून. कुरकुरीत, आंबट, गरमागरम असलं काही असेल तर त्यांचा घास जरा मजेत उतरतो. बाकीचं खातात ते पोटासाठी. एखादी गोष्ट खराब झालीय का हे ताईला विचारावं लागतं. एकदा दुधीची भाजी चांगली असताना तिने "गेलीय" म्हणून सांगितलं, कारण तिला तिचा कंटाळा आला होता. त्यांनी निमूट फेकली.

वास मात्र फारसा आला नाही. कधी कॉफीची सावली, कधी कसलातरी धूर, कुठला ते कळत नाही. डेअरीत त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला की मला वास येत नाही. आता ते कॅन धुवून येतात त्या टोकाला बसतात. झाकणं, रबराच्या कड्या, पोचे बोटांनी तपासतात. हे काम त्यांना चांगलं जमतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

राहिली होती चष्मेवाली. एक दिवस भावजी मला म्हणाले, "तू येतेस का बरोबर?" एकट्याने जायची छाती नव्हती. आम्ही बसने गेलो. ती गोठ्यात पेंड कालवत होती. भावजींनी घसा साफ केला. "त्या वेळी माझी तब्येत बरी नव्हती," म्हणाले.

तिने हात न थांबवता उत्तर दिलं. "तब्येत नाकाची बिघडली होती. खोटं जिभेने बोललात."

भावजी उभे राहिले. पेंडीकडे बघत म्हणाले, "हो. खोटं बोललो."

"बरं," ती म्हणाली. मग चष्म्याची भिंगं माझ्याकडे वळली. "आणि तू फाटकावर येऊन बाटलीभर दूध नेलंस. चांगलं निघालं असणार. सांगायला कुणी आलं नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भावजी माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्यासमोर एकही सबब सांगवेना. तिने बादली उचलली, धारेची वेळ झाली म्हणाली आणि आम्हाला वाट दाखवली.

आम्ही बसथांब्यावर आलो. बस आली. खिडकीशेजारी एकच जागा होती, ती भावजींनी न विचारता घेतली. मी उभी राहिले.